तीन थेंब

चिठ्ठी वहीच्या पानाचा कोपरा फाडून लिहिलेली होती. चार घड्या घालून ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्यात टाकलेली. ‘मॅम, तुम्ही प्रश्न विचारता आणि आम्ही तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन टाकता. उत्तर बरोबर असतं. पण मग विचारता कशाला?’

रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. ऑगस्टचा पाऊस पत्र्यावर आपटत होता आणि मी ड्यूटी रूममधल्या कॉटवर बसून मेसचा गार भात खात होते. चिठ्ठी वाचून मी पहिलं काय केलं असेल, तर अक्षर ओळखायला बसले. बॅचमध्ये आठ जण, आठांच्याही केसशीट माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या. ‘ण’ला अशी गाठ कोण मारतं? आठवून आठवून दोन नावांवर आले आणि मग माझीच मला लाज वाटली. ‘नाव लिहू नका, मी शोधणार नाही’ असं त्या खोक्यावर मार्करनं मीच लिहिलं होतं.

मी मेडिसिनची सेकंड इयर रेसिडेंट. कॉलेज तळकोकणातलं, माझं गाव मालवण तालुक्यातलं. एसटीनं दीड तासावर घर आणि तरी महिना महिना जाणं होत नाही. रेसिडेंट म्हणजे रात्रपाळ्या, सलाइनी आणि डिस्चार्ज कार्डं, असं लोकांना वाटतं. ते आहेच. पण एमबीबीएसच्या पोरांना आणि इंटर्नना शिकवण्यात पीजीनं, म्हणजे आमच्यासारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं, भाग घ्यायचा, हेही नियमांत लिहिलेलं आहे. आम्हाला ते फोनवरून कळतं. सर ओपीडीत अडकतात, फोन येतो, ‘बॅच घे.’ प्राध्यापकांसाठी वैद्यकीय शिक्षणाचा रीतसर बेसिक कोर्स असतो. माझ्या वाट्याला आले ते हे दोन शब्द.

अशा वेळी माणूस शिकवतो कसं? जसं त्याला शिकवलं गेलं तसं, नाहीतर बरोब्बर त्याच्या उलट. मला शिकवणारे एक सर प्रश्नाचं बोट एकेकावर फिरवत फिरवत जिथं चेहरा पांढरा पडेल तिथं थांबायचे. ‘हं, तू. बोल.’ आणि मग पेशंटदेखत, सिस्टरदेखत पाणउतारा. एकदा माझी पाळी आली होती. लिव्हर कुठपर्यंत लागतं ते मला येत होतं, पण जीभ उचलली नाही. तेव्हाच ठरवलं होतं की उद्या शिकवायची वेळ आली तर कुणाला असं टांगायचं नाही. म्हणून मी विचारायचे आणि कुणी अडखळायच्या आत सांगून टाकायचे. कुणाची फजिती नको. मला तो माझा चांगुलपणा वाटत होता, आणि चिठ्ठी नेमकी तिथं टोचली.

त्या दिवशीची केस डोळ्यांसमोर आणली. पन्नाशीचा शेतकरी, चार दिवस ताप, अंग मोडून आलेलं. बेणणी चालू होती, गुडघ्याएवढ्या चिखलात उभा, टाचेला भेगा. आमच्याकडे पावसाळ्यात एवढं ऐकलं की वॉर्डातल्या मावशीसुद्धा ‘लेप्टो’ म्हणतात, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतून जंतू शेताच्या पाण्यात येतात आणि पाण्यातून त्या भेगांत शिरतात. रक्ताची आयजीएम तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्हच येते, म्हणून हा आजार आधी डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायचा असतो. मी खाटेशी उभं राहून म्हटलं, ‘डोळे बघा. काय दिसतं? कंजक्टायव्हल सफ्युजन. लाल आहेत, पण घाण नाही, पाणी नाही. पोटऱ्या दाबल्या कुणी? दाबल्या तर ओरडतील ते. का? मायाल्जिया, स्नायूच दुखतात.’ आठ जण माना हलवत लिहून घेत होते. कुणीही वाकून डोळे पाहिले नव्हते. पोटरी कुणी दाबलीच नव्हती. मीही दाबली नव्हती, सकाळी राउंडला दाबली होती त्यावरच चाललं होतं.

आता खोका कशासाठी ठेवला होता ते सांगायला हवं, कारण फीडबॅकची सोय आमच्याकडे आधीपासून होतीच. पोस्टिंग संपताना एक फॉर्म देतात. ‘शिक्षकाने विषय सोप्या भाषेत समजावला’, ‘शिक्षक वेळेवर आले’ अशी दहाबारा वाक्यं आणि प्रत्येकापुढे ‘अजिबात सहमत नाही’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच चौकोन. ही पाच पायऱ्यांची पट्टी रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मांडली. तिच्यात वाईट काही नाही. पण आमची पोरं तो फॉर्म भरतात कधी? लॉगबुकवर सही घ्यायला रांगेत उभी असताना, लॉगबुकचाच पाट करून. सही मी करणार, हजेरी डिपार्टमेंट पाठवणार, इंटर्नल मार्क्स तिथूनच जाणार. अशा वेळी चौथ्या चौकोनाच्या खाली कोण उतरेल? माझे सगळे फॉर्म चार आणि पाचचे होते. एकानं तर उभी रेघ मारून सगळे पाच एका झटक्यात केले होते. मी ते फॉर्म आईला दाखवले होते, हे इथं कबूल करते.

मराठीत आपण फीडबॅकला अभिप्राय म्हणतो, तिथंही थोडा घोळ आहे. अभिप्राय म्हटला की खाणावळीतली वही आठवते. ‘जेवण रुचकर, सोलकढी अप्रतिम, पुन्हा येऊ.’ पाहुणा म्हणून गेलेला माणूस मीठ जास्त होतं असं लिहीत नाही. डॉक्टरांना शिकवण्याच्या बाबतीत जॅक एंडे यांनी १९८३ मध्ये लिहिलेला एक लेख आजही वाचला जातो. त्यात त्यांनी फीडबॅक आणि मूल्यमापन यांची फारकत केली आहे. मूल्यमापन निकाल देतं. फीडबॅक तुम्ही काय केलंत ते सांगतो, आणि तेही दुरुस्ती करायला वेळ शिल्लक असताना. आमचा फॉर्म पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी येतो. त्यातून मी सुधारले तरी या बॅचला त्याचा काय उपयोग?

आणि गोड फॉर्मांचं आणखी एक गंमतीचं प्रकरण आहे. अमेरिकेत १९७० साली एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ असं नाव देऊन तज्ज्ञ म्हणून डॉक्टर-मानसतज्ज्ञांच्या मेळाव्यात व्याख्यानाला उभं केलं. विषय गणितातला गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण. त्याला विषयातलं ओ की ठो येत नव्हतं. बोलणं मुद्दाम परस्परविरोधी आणि पोकळ ठेवलं होतं, फक्त बोलायची ढब झकास. ऐकणाऱ्यांनी फॉर्मवर भरभरून चांगलं लिहिलं. १९७३ साली हा प्रयोग छापून आला. मी तो वाचला तेव्हा मला आमच्या जत्रेतले दशावतारी आठवले. लिहिलेली संहिता नाही, रात्रभर देवळापुढे उभ्या उभ्या संवाद रचायचे. पण त्या नटाला फॉर्म लागत नाही. पुढं बसलेला म्हातारा जांभई द्यायला लागला की राजा दोन वाक्यांत युद्धावर येतो. आमच्या बॅचनं माझ्यापुढे जांभई द्यायची सोय नव्हती, म्हणून खोका. रिकामा ग्लोव्हजचा खोका, स्टोअरमधून मागून आणलेला, सेमिनार रूमच्या दाराशी. दर शुक्रवारी उघडायचा. प्रश्न एकच: ‘या आठवड्यात मी काय केलं नसतं तरी चाललं असतं?’

चिठ्ठीनंतरच्या सोमवारी मी बॅचला विचारून सेमिनार रूममधला माझा क्लास फोनवर रेकॉर्ड केला. तिथं पेशंट नव्हता, नुसतं लेप्टो आणि डेंगीतला फरक. रात्री कानात इअरफोन घालून ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच असते, त्यात मी ‘ओके?’ किती वेळा म्हणते ते कळलं. वीस मिनिटांत मी एकवीस प्रश्न विचारले होते. सतरांची उत्तरं मीच दिली. उरलेल्या चारांतले दोन ‘कळलं ना?’ होते, त्यांना समूहगीतासारखं ‘हो मॅम’ आलं. प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये श्वास घेण्यापुरतीही जागा नव्हती.

हे माझं एकटीचं दुखणं नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. मेरी बड रो नावाच्या बाईंनी अमेरिकेतल्या शाळांत विज्ञानाचे तास ऐकून ऐकून १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तो एक सेकंद तीनपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी बोलायला लागतात. तीन सेकंद! वाचताना वाटलं, यात काय आहे. दुसऱ्या दिवशी खाटेशी उभी राहिले तेव्हा कळलं काय आहे ते. आठ चेहरे, एक पेशंट, पंखा करकरतोय, आणि मी विचारलेला प्रश्न हवेत लोंबकळतोय. पोटात गोळा येतो. यांना येत नाहीये, म्हणजे मला शिकवता येत नाहीये, असं वाटायला लागतं. तेव्हा ध्यानात आलं की मी पोरांची फजिती वाचवत होते हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या स्वतःच्या बचावासाठी होतं.

घड्याळाकडे बघितलं तर पोरांना वाटतं मॅमना घाई आहे. म्हणून मी ड्रिपकडे बघायला लागले. आमच्या नेहमीच्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला तीस थेंब लावले की पाचशेची बाटली साडेपाच तास चालते आणि दर दोन सेकंदांना एक थेंब पडतो. तीन थेंब म्हणजे सहा सेकंद. प्रश्न विचारायचा, नजर बाटलीखालच्या चेंबरवर, जिथं थेंब पडतात तिथं, ठेवायची, थेंब टपकन फुगतो, लोंबतो, सुटतो. एक. ओठ घट्ट मिटून. दोन.

पहिल्यांदा तिसरा थेंब पडला तेव्हा बोलली ती बॅचमधली सर्वांत गप्प मुलगी, गडचिरोलीची. तिचा आवाज मी तीन आठवड्यांत हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. दुसरा एक लेप्टोचाच पेशंट होता. ती म्हणाली, ‘मॅम, डोळे आल्यावर पापण्या चिकटतात. यांच्या चिकटलेल्या नाहीत.’ पुस्तकातला शब्द तिनं वापरला नाही, पण तो ज्यासाठी आहे ते तिनं पाहिलं होतं. आणि पेशंटनं, सगळे थांबलेत म्हणून असेल, स्वतःच चादर बाजूला केली. ‘डॉक्टरानू, ह्यो पोटऱ्यो पण बघा मगे. ह्यो मरणाच्यो दुखतत.’

आता सगळं छान झालं असं लिहून मोकळी झाले असते, पण तिसऱ्याच दिवशी माझ्या या शांततेनं एका आजीला घाबरवलं. हृदयाच्या झडपेचा आजार, लहानपणी सांधेताप होऊन गेलेला, धाप लागून ॲडमिट. सहा जणांनी एकामागून एक स्टेथोस्कोप लावला. मी विचारलं, ‘काय ऐकू आलं?’ आणि थेंब मोजायला लागले. सहा पांढरे कोट खाटेभोवती गंभीर चेहऱ्यानं गप्प. आजीनं माझा हात धरला. हात गार. ‘माका सांग गो बाय, काय वायट आसा काय? सगळी गप कित्याक रवली?’ मी मोजत होते सेकंद आणि तिथं तिचा जीव टांगणीला लागला होता. खाटेवरचं माणूसही ऐकत असतं, त्याच्याकडे कुणी कधी खोका नेत नाही. तेव्हापासून आधी पेशंटला सांगते, ‘मी ह्यांका इचारतंय, ती जरा इचार करतली. तुमका नवीन काय एक झाला नाय.’ मग ते खुशीत येतात. काही जण तर पोरांना हळूच उत्तरं सांगतात. फुरसं चावलेला एक कातकरी गडी प्रत्येक बॅचला न विचारता पाय पुढे करायचा आणि ‘वीस मिन्टं रगत बाटलीत ठेवलेलं, गोठलंच नाय’ असं सांगून टाकायचा. परीक्षेला त्याला बसवला असता तर फर्स्ट क्लास मिळाला असता.

चिठ्ठ्या येत राहिल्या. सगळ्याच काही शहाण्या नव्हत्या. ‘मॅमचा आवाज गोड आहे’ अशी एक आली. माझ्या युनिटमधल्या पुरुष रेसिडेंटला मी विचारलं, तुला कधी अशी आली का? तो हसला. एकात ‘फार हळू शिकवता’ आणि त्याच शुक्रवारी दुसऱ्यात ‘फार फास्ट’. एकानं लिहिलं, ‘ईसीजी नको, नोट्स द्या.’ ती मी सरळ फाडली. विद्यार्थ्यांचं ऐकायचं म्हणजे ते मागतील ते वाढायचं असं मी धरत नाही. ईसीजी न वाचता येणारा डॉक्टर उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा असेल, तेव्हा तिथं माझ्या नोट्स नसतील.

पण एक चिठ्ठी अशी आली की मी जागच्या जागी गार. ‘तुम्ही आणि पेशंट मालवणीत बोलता, दोघं हसता. आम्ही नांदेडचे. आम्ही कुठे हसायचं?’ माझ्या मालवणीचा मला केवढा अभिमान! बाहेरून आलेल्या डॉक्टरांपुढे पेशंट बुजतात आणि माझ्यापाशी मोकळे होतात, याची मी मनात कॉलर ताठ करत असायचे. आणि तेव्हा बॅचमधला राजस्थानचा मुलगा, केरळची मुलगी, नांदेडचे दोघं, लग्नात चुकून आलेल्या माणसांसारखे उभे. पेशंट ‘कपाळ दुखता’ म्हणाला तर एकानं केसशीटवर लिहिलं होतं की दुखणं फक्त कपाळावर, आणि सायनस दाबून बघितले होते. इथं कपाळ म्हणजे अख्खं डोकं. आता सेमिनार रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. पेशंटचा शब्द, त्याचा अर्थ. कागद पोरंच भरतात, मी फक्त चुका काढते. केरळच्या मुलीनं परवा एका आजोबांना ‘घेरी येता काय?’ असं विचारलं. उच्चार असा होता की आजोबांना खरंच हसून घेरी यायची.

विंचवाच्या क्लासचंही सांगते, कारण तिथं मी स्वतःवर खूश होते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर लाल विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी रात्र रात्र बसायचा. घाम, गार पडलेले हातपाय, मग छातीत पाणी आणि मरण, हा क्रम त्यानं डोळ्यांनी टिपला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला लिहून पाठवला, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातली गोष्ट, कोकणातल्या पोरांना सांगायला मला भरून येतं. मी वीस मिनिटं रंगून सांगितली, वर्ग टाचणी पडली तर ऐकू येईल असा. शुक्रवारी चिठ्ठी: ‘गोष्ट पाठ झाली. डोस?’

डोस मी सांगितलाच नव्हता. किलोला तीस मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. माझाच डॉ. फॉक्स झाला होता.

आमच्या सरांना मी हे सगळं एकदा चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणाले, त्यात तक्रार होती की हेवा ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी मला सोडियमवर प्रश्न विचारला. माझी नजर आपोआप ड्रिपकडे गेली. दीड थेंबात त्यांनी उत्तर दिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

या बॅचचं पोस्टिंग मागच्या शनिवारी संपलं. गुरुवारी सहा नंबरच्या खाटेवर मी शेवटची केस घेतली. कावीळ, पोटात पाणी. विचारलं, ‘हातांकडे बघून काय काय सांगाल?’ आणि नजर चेंबरवर. एक. दुसरा थेंब जरा रेंगाळला. शांततेत वेळ लांबतोच, एवढं मी शिकले होते, म्हणून थांबले. मागच्या मागे कुणीतरी नखांबद्दल बोललं, कुणी तळव्यांच्या लालीबद्दल, एकानं हात पुढं धरायला लावून थरथर बघितली. आजवरची सगळ्यात लांब, सगळ्यात भरलेली शांतता. मी मनात फुगले होते.

शुक्रवारी खोक्यात एकच चिठ्ठी होती. वहीचा फाडलेला कोपरा, चार घड्या, ‘ण’ला तीच गाठ.

‘मॅम, तुम्ही थेंब मोजता हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. काल सहा नंबरची ड्रिप बंद पडली होती. हात सुजायला लागला होता. तुम्ही गेल्यावर सिस्टरना सांगून काढून घेतली, दुसऱ्या हाताला नवीन लावली. पेशंट ठीक आहे.’